थबकलेल्या मनात काय चालते? : वाचकांचे प्रश्न

मेंदूच्या विद्युत आलेखावर, म्हणजे दवाखान्यात ज्याला सर्रास ‘ईईजी’ म्हणतात त्यावर, गेल्या अंकात एक छोटे टिपण दिले होते. मेंदूतील विजेचे चढउतार ठरावीक तालात होतात, एवढेच त्यात सांगितले होते. त्यावर सांगली जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : या तालाचा आणि आपण घेत असलेल्या निर्णयांचा संबंध काय? त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया तेथेच घातला आहे.

प्रश्न : पलूस तालुक्यात माझी अडीच एकर द्राक्षबाग आहे. बाग फुलोऱ्यात असताना आभाळ भरून आले की दावण्याची (द्राक्षावरील बुरशीच्या रोगाची) फवारणी आत्ता घ्यावी की पाऊस होऊन गेल्यावर घ्यावी, हे काही केल्या ठरत नाही. आत्ता फवारावे आणि तासाभरात पाऊस आला तर औषध धुऊन जाते. थांबावे तर रोग घडात शिरतो. ब्लोअर जोडून ट्रॅक्टर उभा असतो आणि मी बांधावर नुसता उभा राहतो. धाकटा भाऊ म्हणतो, “दादा, तुझं डोकंच चालत नाही.” अशा वेळी मेंदूतल्या लहरी मंदावतात का? – एक द्राक्ष बागायतदार, पलूस

उत्तर : त्या क्षणी आपले डोके नेहमीपेक्षा अधिक चालत असते, हे आपल्या बंधूंना माझ्या वतीने अवश्य सांगावे. बाहेरून जो नुसता उभा असल्यासारखा दिसतो, त्याच्या मेंदूत एक नेमके काम चाललेले असते आणि त्या कामाला स्वतःचा ताल असतो.

आधी हा ताल कशाचा ते पाहू. एका मज्जापेशीतील विजेचा चढउतार इतका क्षीण असतो की तो कवटीबाहेर पोचत नाही. शेजारशेजारच्या हजारो पेशी एकाच वेळी चढू-उतरू लागल्या, तरच त्यांची बेरीज डोक्याच्या त्वचेवर चिकटवलेल्या चकत्यांना जाणवते, आणि तीही व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांइतकीच. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूचा असा आलेख प्रथम १९२४ मध्ये मिळवला. पाच वर्षे तो पुनःपुन्हा तपासून १९२९ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. आपल्या सांगलीचा आयर्विन पूल वाहतुकीला खुला झाला तेही हेच वर्ष. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसात सेकंदाला सुमारे दहा वेळा उठणारी लहर त्यांना दिसली आणि तिला त्यांनी अल्फा म्हटले. पुढे वेगानुसार इतर नावे रूढ झाली. सेकंदाला चारहून कमी आवर्तने ती डेल्टा, चार ते आठ ती थीटा, आठ ते तेरा अल्फा, तेरा ते तीस बीटा आणि त्यावर गॅमा.

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे, तेव्हा विद्यार्थ्यांना मिरजेतील एका आलेखकक्षात घेऊन जात असे. तंत्रज्ञ रुग्णाच्या केसांत भांग पाडत पाडत, मोजपट्टीने अंतर मोजून, एकेक चकती पांढऱ्या लेपाने चिकटवत. डोळे उघडे असताना पडद्यावरच्या रेघा बारीक, विस्कटलेल्या, ओल्या वाळूवर कोंबडी चालून गेल्यासारख्या दिसत. मग तंत्रज्ञ म्हणत, “डोळे मिटा हं, मावशी,” आणि निमिषात मागच्या भागातील रेघांवर एकसारख्या, गोलसर लाटा उमटत. मावशींनी डोळे उघडले की त्या लगेच विरून जात. आळीपाळीने तीन-चार वेळा हे पाहिलेला विद्यार्थी, ताल हे मेंदूचे स्थायी लक्षण नसून त्या त्या कामाची घडी आहे, ही गोष्ट पुन्हा विसरत नसे.

आता निर्णयाकडे येऊ. आयर्विन पुलाच्या खांबावरील पातळीच्या खुणा आपण पाहिल्या असतील. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. पावसाळ्यात पाणी सरळ रेषेत चढत नाही. कोयनेचा विसर्ग वाढला की चढते, पाऊस उघडला की इंच-दोन इंच उतरते आणि पुन्हा चढते. ते रेषेला टेकले की मात्र माणसे घर सोडायला निघतात. मेंदू साधे निर्णय कसे घेतो याचे जे गणित रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ मध्ये मांडले, ते थोड्याफार फरकाने असेच आहे. एका बाजूचा पुरावा हळूहळू साचत जातो, मधूनमधून उलट फिरतो, आणि तो उंबरठ्याच्या रेषेला पोचला की कृती घडते. १९९० च्या दशकात विल्यम न्यूसम आणि मायकेल शॅडलन यांनी माकडांना पडद्यावर सरकणाऱ्या ठिपक्यांची दिशा ओळखायला लावली, तेव्हा मेंदूच्या पार्श्वभागातील काही पेशींची क्रिया अशीच चढत जाताना दिसली. ठिपके स्पष्ट सरकत असले की चढण झपाट्याची, गोंधळाचे असले की मंद. पुढे २०१६ मध्ये नेमका तो भाग काही काळ निष्क्रिय करून पाहिला, तरी माकडांची उत्तरे फारशी बिघडली नाहीत. त्यामुळे निर्णय त्याच जागी होतो असे म्हणता येत नाही. साचण्याची कल्पना मात्र टिकून आहे.

आपल्या प्रश्नाचा गाभा पुढेच आहे. पुलावरची रेषा रंगाने आखलेली असते, मेंदूतील रेषा वरखाली सरकवता येते. दोन पर्याय तुल्यबळ असले, दोहोंत नुकसानीची शक्यता असली, की कपाळाच्या वर मधोमध असलेल्या भागातून थीटा लहरी जोरकस होतात. चूक झाली, अनपेक्षित काही घडले, किंवा हात एकीकडे आणि विचार दुसरीकडे ओढू लागला, की हाच ताल वाढतो. जेम्स कॅव्हनॉ आणि मायकेल फ्रँक यांच्या २०११ मधील अभ्यासात असे दिसले की, ज्या वेळी पेच वाढून हा थीटा वाढला, त्या वेळी त्या व्यक्तीची निर्णयाची रेषा वर गेली. म्हणजे होकार देण्यापूर्वी तिने अधिक पुरावा मागितला. आपण बांधावर उभे असता तेव्हा आपला मेंदू बंद पडलेला नसतो. “अजून थोडे पाहू दे,” असे तो हातापायांना बजावत असतो. हे थांबणे करावे लागते, ते आपोआप होत नाही. आणि ज्याच्या मेंदूत ते होत नाही त्याची काय अवस्था होते, ते पाचव्या उत्तरात येईल.

याच संदर्भात उंदरांवरील एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. वाट जेथे दोन्हीकडे फुटते अशा ठिकाणी उंदीर थबकतो, मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळवतो. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात काही पेशी ठरावीक जागी आल्यावरच जाग्या होतात. या पेशींच्या शोधासाठी जॉन ओकीफ यांना २०१४ च्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. ॲडम जॉन्सन आणि डेव्हिड रेडिश यांनी २००७ मध्ये दाखवले की, उंदीर तिठ्यावर जागच्या जागी उभा असताना या पेशींचा क्रम मात्र पुढे धावतो, आधी एका वाटेने आणि मग दुसऱ्या वाटेने. २०२० मधील एका अभ्यासात ही पाळी सेकंदाला सुमारे आठ वेळा, थीटाच्या एकेका लाटेसरशी बदलताना आढळली. एका लाटेवर डावी वाट, पुढच्या लाटेवर उजवी. उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधील थीटा आणि माणसाच्या कपाळामागचा थीटा एकच आहेत असे समजू नये; पण दोन भवितव्ये एकमेकांत न मिसळता आळीपाळीने डोळ्यांसमोर आणायची तर ताल किती उपयोगी पडतो, हे यावरून कळते.

आणि ठरल्यानंतरचे थोडेसे. हात स्थिर धरलेला असतो तेव्हा मेंदूतील हालचाल घडवणाऱ्या पट्ट्यावर बीटा लहरी ठळक असतात आणि कृतीपूर्वी त्या ओसरतात. उजव्या हाताने कळ दाबायची की डाव्या, असा निर्णय घेताना निवडलेल्या हाताच्या विरुद्ध बाजूच्या मेंदूतील बीटा निर्णय पक्का होईल तसतसा उतरत जातो, असे २००९ मध्ये मोजले गेले आहे. आपण ट्रॅक्टरच्या किल्लीला हात घालण्यापूर्वीच ती तयारी सुरू झालेली असते.

व्यवहारातली एक सूचना करतो. पुलावरच्या रेषा पूर आल्यावर आखत नाहीत. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा कोणी खांबाजवळ उभे राहून धोका किती फुटांना मानावा याची चर्चा केली नाही. छाटणीच्या वेळी, आभाळ निरभ्र असताना, आपल्या द्राक्षतज्ज्ञाबरोबर बसून किती वेळ पाने ओली राहिली, फुलोऱ्याची कोणती अवस्था असली आणि पावसाचा अंदाज काय असला की फवारणी घ्यायचीच, हे वहीत लिहून ठेवावे. पेचाच्या क्षणी रेषा आखण्याचे काम तरी मेंदूवर पडणार नाही. पाणी कुठवर आले एवढेच त्याने पाहायचे.

प्रश्न : फेब्रुवारीत हळद घेऊन रात्रभर टेम्पोत जागत सांगलीच्या मार्केट यार्डात आलो. सकाळच्या सौद्यात भाव मनासारखा नसताना मी होकार देऊन बसलो. माल मागे ठेवता आला असता, हे घरी येऊन झोपून उठल्यावर सुचले. एका रात्रीच्या जागरणाने एवढा फरक पडतो का? – एक शेतकरी, जत तालुका

उत्तर : पडतो. जितके अधिक जागावे, तितका जागेपणीच्या आलेखात मंद लहरींचा, विशेषतः थीटाचा, अंश वाढत जातो. मात्र हा थीटा वर सांगितलेल्या सावधगिरीचा नव्हे, पेंगेचा. त्याहून महत्त्वाची गोष्ट २०११ मध्ये उंदरांत दिसली. त्यांना बराच काळ जागे ठेवले असता ते उघड्या डोळ्यांनी वावरत असतानाच मेंदूच्या कवचातील काही पेशींचे गट क्षणभर गाढ झोपेतल्यासारखे गप्प होत. पंजाने साखरेची गोळी उचलण्याच्या कामात उंदीर चुकला, तर ती चूक अशा क्षणांशी जुळत असे. माणूस जागा असतो, बोलतो, मान डोलावतो, आणि मेंदूचा एखादा तुकडा तेवढ्यापुरता झोपलेला असतो. आपला होकार नेमका अशा क्षणी गेला की नाही, हे कोणी सांगू शकणार नाही. पुढच्या वेळी आदल्या दिवशी दुपारीच निघून अडत्याकडे माल उतरवावा, रात्री पाठ टेकावी आणि मग सौद्याला उभे राहावे, किंवा किमान भाव ठरवून, रात्री नीट झोप झालेल्या भावाला अथवा मुलाला बोलू द्यावे.

प्रश्न : माझ्या मुलाची दहावी झाली आहे. शहरातील एका क्लासमध्ये हेडफोन लावून ‘अल्फा लहरी वाढवतात’ आणि त्यामुळे एकाग्रता व निर्णयक्षमता वाढून शाखा निवडणे सोपे होते, असे सांगतात. फी बरीच आहे. मुलगा जायला तयार आहे. घालावे का? – एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, माझे मत विचाराल तर घालू नये. अल्फा वाढवण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. डोळे मिटले की त्या वाढतात, हे बर्गर यांच्यापासून ठाऊक आहे. अल्फा जोरकस होणे म्हणजे मेंदूचा तो भाग त्या वेळी बाहेरचे काम कमी घेत आहे, एवढाच त्याचा ढोबळ अर्थ. पेच सोडवताना कपाळामागचा थीटा वाढतो, हे वर आलेच आहे. मग अल्फा वाढवून निर्णय सोपे होतात, हे म्हणणे कोठून आले? दोन कानांत किंचित वेगवेगळे सूर ऐकवून मेंदूला हव्या त्या तालावर आणता येते, या दाव्याचेही प्रयोगांतील निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. समजा ताल बदललाही, तरी त्यामुळे मुलाला विज्ञान आवडते की वाणिज्य, हे कसे कळणार?

मला या क्लासचा राग येतो तो फीमुळे नव्हे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला त्याची दुविधा हा मेंदूतला बिघाड आहे, असे तेथे नकळत शिकवले जाते. त्याच्याजवळ पुरावा कमी आहे, म्हणून त्याचे ठरत नाही. एक दिवस अभियांत्रिकीच्या कार्यशाळेत, एक दिवस एखाद्या सनदी लेखापालाच्या कार्यालयात, एक दिवस शेजारच्या शिक्षिकेबरोबर वर्गात बसवावे. साचायला काही असले तर साचेल.

प्रश्न : तत्त्वज्ञानाच्या तासाला आम्हाला सांगण्यात आले की, आपण निर्णय घेण्याच्या अर्धा सेकंद आधीच मेंदूने तो घेतलेला असतो, त्यामुळे इच्छास्वातंत्र्य हा भ्रम आहे. हे सिद्ध झाले आहे का? – बी. ए. ची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : आपण ज्या प्रयोगाविषयी ऐकले तो खरा आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र सिद्ध झालेला नाही. ऐच्छिक हालचालीपूर्वी डोक्याच्या माथ्यावर विद्युत दाब हळूहळू वाढत जातो, हे कोर्नह्यूबर आणि डेके या जर्मन संशोधकांनी १९६५ मध्ये दाखवले. १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बेंजामिन लिबेट यांनी लोकांना वाटेल तेव्हा मनगट हलवायला आणि तसे वाटले त्या क्षणी वेगाने फिरणारा ठिपका घड्याळाच्या तबकडीवर कुठे होता ते सांगायला लावले. विद्युत दाबाची वाढ हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू झाली आणि इच्छेची जाणीव सुमारे २०० मिलिसेकंद आधी झाली.

पण या आलेखाची पद्धत पाहा. हालचाल झाली त्या क्षणापासून मागे मोजत अनेक वेळांची सरासरी काढलेली असते. पुन्हा पुलाकडे जाऊ. पाणी ४४ फूट ११ इंचांवर रेंगाळते आहे, वाऱ्याने तरंग उठत आहेत, आणि त्यांतील एक तरंग ४५ च्या रेषेला टेकला. आपण फक्त असे टेकण्याचे क्षण निवडले आणि त्यांच्या आधीच्या अर्ध्या सेकंदाची सरासरी काढली, तर पाणी ठरवून चढत होते असे चित्र दिसेल; प्रत्यक्षात ते नुसते हेलकावत होते. आरोन शुर्गर, जाकोबो सिट आणि स्तानिस्लास देहेन यांनी २०१२ मध्ये लिबेट यांच्या आलेखाचे असेच स्पष्टीकरण दिले. त्यात ती चढण म्हणजे आधीच झालेला निर्णय नव्हे, तर मेंदूतील नेहमीच्या हेलकाव्याची निवडून घेतलेली बाजू ठरते. मला हे स्पष्टीकरण अधिक पटते.

शिवाय मनगट केव्हा हलवावे या निर्णयाला कारणच नसते. २०१९ मधील एका अभ्यासात, खरी देणगी कोणत्या संस्थेला मिळावी याचा विचारपूर्वक निर्णय आणि तसाच पण परिणामशून्य निर्णय यांची तुलना केली गेली. परिणामशून्य निवडीपूर्वी तो विद्युत दाब दिसला, विचारपूर्वक निवडीपूर्वी तो दिसला नाही. आपल्या प्राध्यापकांपुढे हा अभ्यास मांडावा आणि तासाला चर्चा करावी. इच्छास्वातंत्र्याचा वाद त्याने मिटणार नाही, पण मनगटाच्या हालचालीवरून लग्न, नोकरी आणि मतदान यांविषयी बोलणे तरी थांबेल.

प्रश्न : माझ्या आईला बारा वर्षांपासून कंपवात आहे. दीड वर्षापूर्वी मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया केली. हातांचा कंप जवळजवळ गेला, ती स्वतः चहा करते, आम्ही फार समाधानी आहोत. पण पूर्वी साडी घ्यायला तीन दुकाने पालथी घालणारी आई आता विचारताक्षणी हो म्हणते. गेल्या महिन्यात दारावर आलेल्या बोहारणीला जुन्या कपड्यांबरोबर माझ्या पत्नीची न नेसलेली पैठणीही देऊन मोकळी झाली. हा वयाचा परिणाम आहे की तारेचा? – एक मुलगा, मिरज

उत्तर : आपले निरीक्षण अतिशय नेमके आहे आणि ते डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. कंपवातात मेंदूच्या तळाशी असलेल्या सबथॅलॅमिक केंद्रकात बीटा ताल अवाजवी प्रबळ होतो. हात स्थिर धरण्याचा ताल, असे वर ज्याचे वर्णन केले तोच जणू सुटत नाही, म्हणून हालचाल सुरू होणे जड जाते. लेव्होडोपा या कंपवातावरील औषधाच्या गोळीने तो ताल उतरतो, आणि तारेतून सेकंदाला शंभराहून अधिक वेळा दिलेल्या सूक्ष्म विद्युत स्पंदांनीही उतरतो. आपल्या आईच्या हातांना मिळालेला आराम त्यातून आला आहे.

परंतु याच केंद्रकाकडे आणखी एक काम आहे. कपाळामागच्या थीटाकडून “थांब, पेच आहे” असा निरोप निघाला की तो हातापायांपर्यंत लागू करण्यात या केंद्रकाचा मोठा वाटा असतो. मायकेल फ्रँक यांच्या गटाने २००७ मध्ये तार बसवलेल्या रुग्णांना दोन सारख्याच चांगल्या पर्यायांतून एक निवडायला लावले. एरवी माणूस अशा ठिकाणी रेंगाळतो; तारेतील प्रवाह चालू असताना हे रुग्ण रेंगाळले नाहीत, उलट अधिक घाईने निवडून मोकळे झाले. पहिल्या उत्तरात ज्याचा उल्लेख केला त्या २०११ च्या अभ्यासातही असेच रुग्ण होते. प्रवाह बंद असताना थीटा वाढला की त्यांची रेषा वर जात होती. प्रवाह चालू केला की हे नातेच उलटे झाले.

म्हणून तारेचा परिणाम असणे शक्य आहे. पण घाईने लगेच तसे ठरवू नये, कारण कंपवाताच्या काही गोळ्यांनीही, विशेषतः मेंदूतील डोपामाइन या रसायनासारखे कार्य करणाऱ्या गटातील औषधांनी, खरेदी, दान किंवा जुगार यांचा आवेग वाढू शकतो. आपण एवढे करावे. एका वहीत रोज गोळीची वेळ, आणि असे काही घडले तर ते केव्हा घडले, कोणी विचारल्यावर घडले की आपणहून, हे तीन-चार आठवडे लिहावे. गोळ्या स्वतःच्या मनाने कमी करू नयेत, यंत्राच्या रिमोटला हात लावू नये. तारेतील प्रवाहाची तीव्रता आणि तारेवरील कोणत्या टोकातून तो द्यायचा, हे दवाखान्यात बाहेरून बदलता येते, आणि कंपाचा आराम राखून हा त्रास कमी करण्याचा प्रयत्न डॉक्टर करू शकतात. वही समोर असली तर त्यांचे काम पुष्कळ सोपे होते. तोवर घरातील मौल्यवान वस्तू आईंच्या कपाटातून सुनेच्या कपाटात हलवाव्यात, आणि आईंना त्याचे कारण मोकळेपणाने सांगावे. पैठणीबद्दल त्यांना बोल लावू नये. ती देताना त्यांचा हात अडवणारा निरोप त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.